बावीस फुटांचं उत्तर

"सुरू केलेली फेरी मधात सोडायची नाई. सोमवारी दिवा लागेपर्यंत ओठ हलवायचे नाई. हात हलले तं चालते बाई. हात हलवल्याबिगर बाईचा दिवस जाते काय?"

सासूबाईंना, म्हणजे बायनाबाईंना, जाऊन अकरा वर्षं झाली. पण भागीरथाच्या कानात हा आवाज अजून रोज सकाळी वाजायचा. सोमवारचं मौन आणि उंबराच्या रोजच्या एकवीस फेऱ्या ही दोन व्रतं सासूबाईंनी जाताना तिच्या ओटीत घातली होती. भागीरथानं ती अशी सांभाळली, की सोमवार आला की गावातल्या बायका मुद्दाम तिच्या अंगणात येऊन आपली गाऱ्हाणी सांगून जात. मध्ये तोंड घालणारं कोणी नाही, याहून मोठा दिलासा तो कोणता?

घरात बोलण्याचा तुटवडा मात्र कधीच पडला नाही. कारण गुणवंतराव! एकतीस वर्षं सातवीला गणित शिकवून ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्या जिभेला तो आदेश अजून पोचला नव्हता. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा अजून असायचा आणि दर धुण्याला त्याचा लगदा भागीरथा मुकाट काढायची. सोमवारी बायको बोलायची नाही, तर तिच्या वाट्याचे शब्दही वाया जाऊ नयेत म्हणून ते स्वतःच वापरून टाकायचे.

तर झालं असं, की रविवारी गडचांदूरहून लेकीचा फोन आला.

"आई, पोळ्याले मी हर्षाले घेऊन येतो म्हटलं होतं. पण तुमच्या अंगणातली ती विहीर उघडीच हाय ना अजून?"

"हाय, पण कठडा..." भागीरथा हळूच म्हणाली.

"कठड्यावर चढूनच तं दिवाळीत बेंडूक पाहत होती तुही नात! माहा जीव अजून थाऱ्यावर नाई. विहिरीवर झाकण बसलं तं येतो. नाई बसलं तं नातीले मोबाइलवरच पाहा!"

दिव्यानी एकदा बोलली की बोलली. तो हट्ट तिला कोणाकडून मिळाला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त गुणवंतरावांना नव्हतं.

भागीरथानं देव्हाऱ्याकडे पाहिलं. बाळकृष्णाच्या शेजारी लाल फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी बैल बसला होता. सागाचा, चार चाकांचा, शिंगांना पितळी शेंब्या. अडीच वर्षांच्या हर्षाचा पहिला तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा, लाकडी बैलांचा पोळा! सुताराकडून दोन महिने आधी करून आणलेला तो बैल रोज बाळकृष्णाबरोबर नैवेद्य खात होता. शनिवारी पोळा, रविवारी तान्हा पोळा. हातात पाच दिवस. आणि मध्ये एक विहीर, आ वासून!

"झाकण?" गुणवंतराव पलंगावरून ताडकन उठले. "बस्? एवढंच? अवो, गोल झाकण म्हणजे वर्तुळ! अन् वर्तुळ म्हणजे आपल्या घरचा माणूस! उद्या सकाळी माप, शनिवारी झाकण!"

*

सोमवारी सकाळी गुणवंतराव विहिरीपाशी असे उभे राहिले, जसा पैलवान आखाड्यात उतरतो.

"आता व्यास मोजाचा तं विहिरीच्या अगदी मधातून मोजा लागते. एक सूत इकडं सरकलं तं माप चुकते. म्हणून काय कराचं? परीघ मोजाचा! परिघाले बावीस सप्तमांशानं भागलं, की व्यास आपल्या पायानं चालत येते. भागीरथा, सूत आण!"

भागीरथानं देव्हाऱ्यातली सुताची गुंडी आणली. ती वातींची होती. तोडू नका, असं तिनं हातानं सांगितलं. नखं वाजवून सांगितलं, डोळे मोठे करून सांगितलं.

"कळलं, कळलं! ढिलं नाई सोडत!" म्हणत गुणवंतरावांनी कठड्याभोवती सूत फिरवलं, टोक जुळलं तिथं कुंकवाचं बोट लावलं, आणि अंगणात सूत पसरून त्याला टेप लावला. मग ते जे ओरडले, ते ऐकून उंबरावरचे हरियल उडाले.

"बावीस! बरोब्बर बावीस फूट! म्हणजे व्यास सात! अवो, बावीस भागिले बावीस सप्तमांश! असं गणित तं पुस्तकातही घासूनपुसून करा लागते. माझ्या बापानं विहीर खोदली का उदाहरण खोदलं!"

त्या आनंदात त्यांनी खडूनं कठड्यावरच मांडलं: परीघ बावीस, व्यास सात, त्रिज्या साडेतीन, क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस फूट. खाली दोन रेघा. वर, स्वतःच स्वतःला, बरोबरची खूण.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? एका कागदावर 'सात फूट' एवढं लिहील आणि सिंदेवाहीला मिथुनच्या वेल्डिंगच्या दुकानात पाठवून देईल. पण मिथुन हा गुणवंतरावांचा जुना विद्यार्थी होता.

"माझ्या शिकवणीचा निकाल शंभर टक्के!" ते भागीरथाला सांगू लागले. हे ती एकतीस वर्षं ऐकत होती. "शेकडो पोट्टे तयार केले. वर्तुळात एक नापास नाई. फक्त या मिथुन्यानं चाचणीत हे एक गणित कोरं सोडलं होतं. परिघावरून व्यास! पंधरा वर्षं झाली, माझ्या मनात ते कोरं पान फडफडून राह्यलं. आज सापडला!"

आणि त्यांनी लिहिलं:

"प्रश्न पहिला. एका विहिरीच्या कठड्याचा परीघ २२ फूट आहे. तर तिच्यावर बसणाऱ्या गोल जाळीच्या झाकणाचा व्यास काढा. (गुण ५) सूचना : उत्तर फोनवर सांगू नये. शनिवारी झाकण करून आणावे, तेच उत्तर समजले जाईल."

भागीरथानं कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. मग कागदावर बोट ठेवून सात बोटं दाखवली, म्हणजे लिहा की हो सरळ.

"तू काळजीच करू नको! माझा विद्यार्थी हाय तो. झाकण एक सूत जरी इकडंतिकडं झालं ना, तं पुढच्या सोमवारी मी मौन धरीन! दिवा लागेपर्यंत! अन् वरून या उंबराले तुझ्यासारख्या फेऱ्या घालीन!"

भागीरथानं चटकन उंबराकडे पाहून हात जोडले. मौनातल्या बाईसमोर, उंबराखाली दिलेला शब्द! तो आता कुठं जातोय?

चिठ्ठी शेजारच्या खुशालच्या फटफटीवर बसून सिंदेवाहीला गेली. गुणवंतराव चौकात गेले, वर्तुळ म्हणजे काय हे जमेल त्याला समजावायला.

*

इथं एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. ती फक्त भागीरथाला आणि शेकडो पोरांना ठाऊक होती.

गुणवंतरावांची शिकवणी घरच्या ओसरीवर चालायची. फळ्याकडे तोंड करून ते प्रश्न विचारायचे, आणि मग वळून असं पाहायचे की पोरांना पाढेच काय, स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही. दाराआड स्वयंपाकघरात भागीरथा बसलेली असायची. तिला पोरांची ती दैना पाहवायची नाही. ती हळूच बांगड्या वाजवायची. उत्तर जितकं, तितक्या वेळा. उत्तर चार, चार वेळा किणकिण. उत्तर नऊ, नऊ वेळा. एकदा उत्तर शहाण्णव आलं, तेव्हा तिनं घाईनं कणकेची परात पुढ्यात ओढली आणि कणीक तिंबता तिंबता शहाण्णव वेळा हात आपटला. त्या दिवशीच्या पोळ्या इतक्या मऊ झाल्या, की गुणवंतरावांनी दोन जास्त खाल्ल्या.

खोटं बोलणं तिला जमायचं नाही. पण हात हलले तं चालते, असं सासूबाई तेव्हाही म्हणायच्याच ना!

तर त्या सोमवारी साडेदहाला भागीरथा उंबराच्या फेऱ्या घालत होती. एका हातात पितळी ताटली, तीत तांदळाचे एकवीस दाणे. एक फेरी झाली की एक दाणा उचलून उंबराच्या बुंध्याशी टाकायचा. श्रावणातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरलेल्या. दाणा टाकला की छन्न! सहा फेऱ्या झाल्या आणि पदराखाली खोचलेला मोबाइल वाजला.

चालता चालताच तिनं हिरवं बटण दाबलं. तांबडं बटण कुठं असतं हे तिला आजवर शिकावं लागलं नव्हतं. समोरचं माणूसच फोन ठेवायचं.

"काकू! मी मिथुन बोलून राह्यलो! गुरुजी जवळ नाईत ना?" आवाज अगदी सातवीतला. "बोलू नका, बोलू नका! आज सोमवार हाय, मले ध्यानात हाय. काकू, गुरुजीनं पेपर पाठवला हो! चिठ्ठी पाह्यली अन् हातातली वेल्डिंगची कांडी गळून पडली माही. मोबाइलले विचारलं तं तो मले विहिरीत पडलेल्या अस्वलाचे व्हिडिओ दाखवून राह्यला. विहिरीच्या झाकणाचं हाय, बावीसवालं. उत्तर किती येते? जुन्यावाणी वाजवा ना फक्त!"

भागीरथाचं मन विरघळलं. तेच ते पोर, पहिल्या रांगेतलं! फेरी न थांबवता तिनं फोनजवळ हात नेला आणि नीट, स्वच्छ, मोजून सात वेळा बांगड्या वाजवल्या.

मग फोन कमरेला खोचला आणि राहिलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. पंधरा फेऱ्या. पंधरा दाणे. छन्न... छन्न... छन्न...

फेऱ्या संपल्या तेव्हा फोन बंद झालेला होता. कोणाचं तरी काम झालं, म्हणून तिनं समाधानानं उंबराला नमस्कार केला.

*

शनिवारी सकाळी आठ वाजता पोळ्याची तयारी जोरात होती. आखरावर, म्हणजे गावचा पोळा भरतो त्या मैदानात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधायला खांब रोवत होते. तेवढ्यात नीलाबाई धावत आली. शेजारीण, खुशालची बायको. तिला चालत येताना कोणी पाहिलेलं नव्हतं.

"भागीरथाबाई! अवो भागीरथाबाई! तुमचं झाकण आलं!"

"आलं? बाई, देव पावला!"

"आलं, पण आखरावरच अडकलं. गावात घुसून नाई राह्यलं!"

भागीरथा आणि गुणवंतराव आखरावर पोचले आणि जागीच उभे राहिले. खुशालच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक लोखंडी जाळी आडवी पडली होती. आडवी कसली! ट्रॉली तिच्याखाली कुठंतरी होती, दिसत नव्हती. मोठ्या सुपाखाली उंदीर सापडावा तसा ट्रॅक्टर त्या जाळीतून बाहेर डोकावत होता. दोन्ही बाजूंनी जाळी एवढी बाहेर आलेली, की एका टोकाच्या सावलीत तीन म्हातारे येऊन बसलेसुद्धा. दुसऱ्या टोकावर कोणाच्या तरी अंगणातली दोरी, दोन लुगडी आणि एक चड्डी लटकत होती.

वर मधोमध मिथुन उभा होता. डोळे लाल, हाताला पट्ट्या, चेहरा मात्र उजळलेला. पाच गुण मिळालेल्या पोराचा.

"गुरुजी! घ्या उत्तर! बावीस फूट!"

गुणवंतरावांनी जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान फिरवली. हे पाहायला गावातली माणसं कामं टाकून आली होती.

"पाच दिवस नीजलो नाई गुरुजी. दुकानातलं सगळं लोखंड लागलं. म्हटलं शेतातल्या मोठ्या विहिरीचं असंल."

"व्यास सात हाय रे! सात! अंगणातली विहीर हाय!" गुणवंतराव ओरडले. त्यांनी खिशातून खडू काढला आणि ट्रॉलीच्या फळीवर भराभरा मांडलं. "तिच्यापरीस तिप्पट रुंद! म्हणजे दहापट मोठं! तीनशे ऐंशी चौरस फूट! एवढ्यात अख्खं घर बसते!"

"गुरुजी," खुशाल स्टिअरिंगवरून नम्रपणे म्हणाला, "तिपटीचं दहापट कसं झालं? तीन म्हणजे तीनच ना?"

"त्रिज्येचा वर्ग असते रे गाढवा! तू कोणाजवळ शिकला?"

"तुमच्याचजवळ गुरुजी."

लोक हसले. गुणवंतराव मिथुनकडे वळले. "मिथुन्या! भागाकार करता येत नाई तं विचाराचं कोणाले!"

"विचारलं ना! काकूलेच विचारलं. काकूनंच तं सांगितलं, बावीस!"

सगळ्यांच्या माना भागीरथाकडे वळल्या. तिला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. निदान सात फूट व्यासाची तरी.

"कधी विचारलं?" गुणवंतरावांनी दरडावलं.

"सोमवारी."

"सोमवारी! मौनात माणूस बोलते काय रे, खोटारड्या?"

"बोलल्या नाई काकू. बांगड्या वाजवल्या. आधी सात वाजल्या झटपट. मंग एकेक करत हळूहळू. म्हटलं काकूचं वय झालं, दमून राह्यल्या बिचाऱ्या. पण मी फोन नाई ठेवला! शेवटपर्यंत मोजल्या, बरोब्बर बावीस!"

सात आणि पंधरा! भागीरथाच्या डोळ्यांपुढे ताटलीतले दाणे नाचू लागले.

"बांगड्या?" गुणवंतराव चक्रावले. "बांगड्यांचा अन् गणिताचा काय संबंध?"

मग मिथुननं जे सांगायला नको होतं ते सगळं सांगितलं. दाराआडच्या किणकिणीपासून शहाण्णवच्या कणकेपर्यंत. "अन् चाचणीत ते एक गणित कोरं राह्यलं ना गुरुजी, त्या दिवशी काकू माहेरी गेल्या होत्या!"

मग मागून एक आवाज आला, "मीबी बांगड्यावरच पास झालो!" मग दुसरा, "मीबी!" पोलीस पाटलानं हात वर केला. खुशालनं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले. अर्धं गाव गुणवंतरावांचं विद्यार्थी. हात असे वर झाले, जसं ग्रामसभेत ठराव पास होतोय!

गुणवंतराव भागीरथाकडे बघत राहिले. एकतीस वर्षांचा शंभर टक्के निकाल त्यांच्या नजरेसमोर हिरव्या काचेचा होऊन फुटत होता.

"भागीरथा... हे खरं हाय?"

"ओठ नाई हलले," ती पदराच्या टोकाकडे बघत इतक्या हळू म्हणाली, की फक्त त्यांनाच ऐकू गेलं.

नीलाबाईला वेगळाच प्रश्न पडला होता. "पण बाई, मंग सोमवारचं मौन मोडलं का राह्यलं? बांगडी बोलली तं बाई बोलली म्हणाचं काय?" बायकांत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, बांगडी सौभाग्याची, तिचा आवाज देवाला चालतो. दुसरा म्हणे, पण गणितात?

वाद रंगात आला आणि भागीरथाचा मोबाइल वाजला. दिव्यानी होती. सिंदेवाहीच्या बसस्टँडवर.

"आई! मी वापस चालली गडचांदूरले!"

"काऊन वो? काय झालं?"

"काय झालं म्हणते! तुमच्या गावाले रानहत्ती आले ना? कंडक्टरनं सांगितलं. कुरखेड्याकडचा कळप आला, म्हणून हत्ती पकडाले अख्ख्या आखरावर जाळी टाकून राह्यले म्हणे! विहिरीचं सोड, मी लेकराले हत्तीत आणू काय?"

भागीरथानं खुशालकडे पाहिलं. खुशालनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"रस्त्यात एस.टी. आडवी आली," तो पुटपुटला. "आमच्यासाठी अर्धा किलोमीटर मागं मागं गेली बिचारी. जो तो विचारे, हे काय हाय, हे काय हाय? किती जणाले गणित सांगू? कंडक्टरले म्हटलं, हत्ती पकडाची जाळी हाय, जा! मले काय माहीत तो खरं समजंल!"

दिव्यानीच्या मागून एक बारीक आवाज येत होता. "आजी! आजी, माझा बैल कुठी?"

तो आवाज ऐकला आणि भागीरथाचं काहीतरी झालं. एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली ही बाई ताठ झाली.

"दिव्यानी, ऐक. हत्ती नाई, बित्ती नाई. तू चारच्या गाडीनं ये. अंगणात पाऊल टाकायच्या आधी विहीर पाह्य. झाकण नसलं तं त्याच गाडीनं वापस जाजो, मी अडवणार नाई. हा माझा शब्द हाय."

फोन दिव्यानीनंच ठेवला. भागीरथा वळली. "मिथुन, ही जाळी कापता येते काय?"

"कापता येते काकू. कटर आणलाच हाय. पण मधून गोल कापाचा तं आखणार कसा? एवढा मोठा कंपास कुठी भेटंल?"

आता मात्र भागीरथाला हसू आलं. श्रावणात रोज दारात रांगोळी घालणाऱ्या बाईला गोल आखायला कंपास लागतो होय? तिनं वाती वळायला कमरेला खोचलेली सुताची गुंडी काढली, नवऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, "त्रिज्या किती म्हणालात?"

"साडेतीन फूट," गुणवंतराव यंत्रासारखे बोलले.

"मोजून द्या."

जाळी खाली उतरवायला तीस माणसं लागली. पोळा दुपारनंतर, तोवर गावाला दुसरं कामही नव्हतं. सगळे गज जिथं मधोमध येऊन मिळत होते, त्या चकतीवर भागीरथा बसली. सुताचं एक टोक तिनं चकतीवर घट्ट दाबून धरलं. दुसऱ्या टोकाला गुणवंतरावांच्या खिशातला खडू बांधला. "आता सूत ताणून धरा अन् माझ्याभोवती फिरा. मधात थांबायचं नाई."

आणि गुणवंतराव फिरू लागले. वाकून, एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हातानं गजागजावर पांढरी खूण करत, गजांवरून तोल सांभाळत, बायकोभोवती!

"अगा, गुरुजी फेरी घालून राह्यले!" नीलाबाई किंचाळली. बायकांनी पदर तोंडात कोंबले. सावलीतल्या तीन म्हाताऱ्यांपैकी एकानं हात जोडले. खुशाल मोठ्यानं मोजू लागला, "एक!" आणि खडूची खूण जिथून निघाली होती तिथंच, अगदी तिथंच, येऊन मिळाली.

"परीघ बावीस," गुणवंतराव धापा टाकत म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ते त्या पांढऱ्या गोलाकडे बघत होते, आणि गोलाच्या मध्यावर बसलेल्या बाईकडे.

*

चारला दोन मिनिटं कमी असताना सात फुटी झाकण विहिरीवर बसलं. डब्याला झाकण बसावं तसं! मिथुननं कापलेल्या टोकांभोवती गजाचं कडं जोडलं होतं. झाकण उचलून आणायला आठ माणसं लागली होती, म्हणून त्यानं कठड्यात दोन कोयंडे ठोकून कुलूपसुद्धा लावून टाकलं.

दिव्यानी आली. तिनं अंगणाच्या दारातच हर्षाला उचलून आजीच्या कडेवर दिलं, पुढं होऊन झाकणावर हात आपटला, मग गुडघा टेकला, मग अख्खी उभी राहून दोन उड्या मारल्या. काही हललं नाही.

"बसलं गं माय!" ती म्हणाली आणि हर्षाला आजीच्या कडेवरून खाली सोडलं. हर्षा थेट देव्हाऱ्याकडे पळाली, जणू कोणी पत्ताच दिला होता. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुणवंतरावांची छाती पुन्हा वर आली. "शेवटी उत्तर सातच आलं की नाई? पद्धत बरोबर होती!"

"बाबा, ते राहू द्या. प्रवासानं घसा सुकला. एक बादली ताजं पाणी काढा विहिरीतून."

"आत्ता काढतो!" म्हणत गुणवंतरावांनी बादलीची दोरी सोडली, दोन पावलं टाकली, आणि बादली झाकणावर ठणकन आपटली.

त्यांनी बादलीकडे पाहिलं. झाकणाकडे पाहिलं. बादली पुन्हा थोडी डावीकडे टाकून पाहिली. ठण्ण!

मिथुननं खुशालकडे पाहिलं. खुशालनं आभाळाकडे पाहिलं. भागीरथानं डोळे मिटून घेतले. व्यास झाला, त्रिज्या झाली, परीघ झाला, क्षेत्रफळ तर गावाला पाठ झालं. पण बादली आत जायला भोक ठेवायचं कोणाच्याच गणितात नव्हतं!

"किल्ली काढून झाकण उचलता येते," मिथुन चाचरत म्हणाला. "फक्त आठ माणसं लागतात."

त्या रात्रीचं आणि दुसऱ्या दिवसाचं पाणी नीलाबाईच्या नळावरून आलं. प्रत्येक घागरीबरोबर तिनं एकदा विचारलं, "मंग बाई, मौन मोडलं का राह्यलं?"

पण तान्हा पोळा असा झाला, की गावानं कधी पाहिला नव्हता! मधला गोल गेला तरी उरलेलं बावीस फुटी कडं आखरावरच पडलं होतं. गावातल्या सगळ्या लेकरांनी आपले लाकडी बैल त्या भोकात, त्या रिकाम्या गोलात, ओळीनं उभे केले. हर्षाचा बैल अगदी मध्यावर. तो मध्य आहे हे गुणवंतरावांनी सुतानं मोजून पाहिलं होतं.

*

सोमवारी पहाटे भागीरथा उठली, न्हाली, आणि मौन धरून अंगणात आली. एकवीस दाणे मोजायला तिनं ताटली शोधली, तर ताटली जागेवर नव्हती.

तिनं वर पाहिलं. उंबरापाशी गुणवंतराव उभे होते. ओले केस, धुतलेलं धोतर, हातात ताटली. खिशात खडू नव्हता. ओठ असे घट्ट मिटलेले, जसं आत एकतीस वर्षांचा तास कोंडून ठेवलाय. झोपलेल्या नातीची झोपमोड होऊ नये म्हणून चपलासुद्धा काढून ठेवल्या होत्या.

भागीरथानं खुणेनं विचारलं, खरंच?

त्यांनी उंबराकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. एक सूत नाही, पंधरा फूट इकडंतिकडं झालं होतं. शब्द म्हणजे शब्द.

तेवढ्यात ओसरीवर त्यांचा मोबाइल वाजला. भागीरथानं तो उचलला. दोघांच्या मध्ये, पहाटेच्या शांततेत, मिथुनचा आवाज खणखणीत उमटला.

"गुरुजी! बादलीच्या भोकाचं सांगा ना! किती फुटाचं कापू? सांगा गुरुजी, मी मोजत नाई आता, सरळ आकडाच सांगा!"

गुणवंतरावांच्या गळ्याची घाटी वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. उभ्या जन्मात कोणी त्यांना वर्तुळाबद्दल विचारलं आणि ते गप्प राहिले, असं घडलं नव्हतं. भागीरथानं आपले दोन्ही हात मुद्दाम पाठीमागं बांधून घेतले. बांगडी हलली नाही.

मग गुणवंतरावांनी डोळे मिटले, ताटली नीट धरली, आणि अनवाणी, आवाज न करता, पहिल्या फेरीला निघाले.